अर्धा राहिलेला डाव

सगळ्यात आधी मावशीचं सांगतो. माझं काय झालं ते नंतर. स्वतःचं सांगायला बसलो की मी घाबरतो, आणि घाबरलो की ज्या माणसामुळे तरलो तेच सांगायचं राहून जातं.

मावशी माझ्या नात्यातली नाही. मंगरूळपीरच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून, तिचा आणि काकांचा भाजीचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी, दोडके आणि सांबार. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात, हेही मला तिनेच शिकवलं. मळ्याच्या एका अंगाला हिरव्या जाळीचं शेडनेट आहे, त्यात मिरची-टोमॅटोची रोपं तयार करून विकतात. ते शेडनेट उभारायला जी टोळी आली होती, तिच्यात मी होतो. काम संपलं, टोळी पुढच्या गावाला गेली, आणि काकांनी मला विचारलं, राहतोस का, रोपांकडे बघायला माणूस पाहिजे. मी राहिलो. शेडनेटच्या बाजूला पत्र्याची खोली आहे, तीच आता माझी.

माझं गाव आजऱ्याच्या बाजूला, डोंगरात. इथून तिथे जायचं म्हणजे सगळा महाराष्ट्र आडवा पार करायचा. मंगरूळपीरच्या स्टँडवर कारंजा, वाशीम, अकोला, मानोरा अशा पाट्यांच्या गाड्या लागतात. पोहरादेवीच्या यात्रेला तर गाडीवर गाडी. माझ्या गावाकडची गाडी तिथे लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी स्टँडवर गेलो की येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मी वाचतो. वाचून झालं की भाजीची क्रेट उचलतो.

अशा माणसाला मावशीने धरून ठेवलं. जे दुखणं मला झालंच नव्हतं त्याच्या भीतीने मी आतून वाळत चाललो होतो, आणि ते कुणाला बोलून दाखवत नव्हतो. तिने ते काढून घेतलं. उपदेश करून नाही. स्वतःचा चहा सोडून.

आता माझं.

माझ्या फोनमध्ये पत्त्यांचा एक खेळ होता. एकट्यानेच लावायचा. लालवर काळा, काळ्यावर लाल, राजाखाली राणी, राणीखाली गुलाम, असं उतरत जायचं. पैसे नाहीत, समोर गडी नाही. लागला तर पत्ते पडद्यावर नाचतात, नाही लागला तर नवा डाव. सकाळी मोटार सुरू केली की पाणी शेवटच्या वाफ्याला पोचेपर्यंत मी तो खेळायचो. जेवताना डाव्या हाताने खेळायचो. टेम्पोची वाट बघताना, रोपांना फवारा मारून झाल्यावर, लाइट गेल्यावर, लाइट आल्यावर.

बोलायला माणसं नव्हती असं नाही. खुरपायला बाया यायच्या, त्यांचं दिवसभर चाललेलं असायचं. पण त्या कशाला हसल्या हे मला कळेपर्यंत त्यांचा दुसराच विषय निघालेला असायचा. मी तोंड उघडलं की "हा कुठचा व्हय वं?" म्हणून एकमेकींकडे बघून हसायच्या. वाईट मनाने नाही. तरी माणूस एकदा हसं करून घेतो, दोनदा घेतो, मग गप्प बसतो. पत्त्यांसमोर गप्प बसलं तरी चालतं.

काका चिडवायचे. याचं लगन त्या मोबाइलसंगंच लावून द्या म्हणायचे, हुंडा म्हणून चार्जर द्या म्हणायचे. मी हसायचो. पण एका दिवशी ते सहज म्हणाले, "नाद लागला याले पत्त्याचा." आणि मला भर उन्हात गार वाटलं.

कारण तो शब्द आमच्या घरात आधीपासून होता.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पत्ते खेळायचे. आमच्या गावात भाताची गिरणी आहे, तिच्या मागच्या सोप्यात डाव बसायचा. आबा दारू पीत नव्हते, कुणावर हात उगारत नव्हते, देवळात आवाजही चांगला लावायचे. लोक म्हणायचे, माणूस सोन्यासारखा, एवढा एक नाद सोडला तर. तो एक नाद काय करतो हे लोकांना दिसत नव्हतं. भाताच्या लावणीला आमच्याकडे पैऱ्याची माणसं येतात, म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही. एका वर्षी सगळी माणसं येऊन बांधावर उभी राहिली आणि चिखल करायला बैल घेऊन येणारे आबाच आले नाहीत. आईने मला गिरणीवर पाठवलं. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातल्या पानांवरची नजर न काढता म्हणाले, "हा डाव झाला की येतो."

मी तिथे उभा राहिलो. तो डाव झाला. मग दुसरा सुरू झाला. मी परत आलो तेव्हा माणसं निघून चालली होती आणि आई दुसऱ्याचे बैल मागायला गेली होती. त्या पावसाळ्यात चिखलाला मी लागलो. आठवीची पुस्तकं नवी होती, ती तशीच राहिली. शाळेतनं कुणी काढलं नाही. शेताला एक गडी कमी पडत होता, तो मी झालो, एवढंच.

म्हणून काकांच्या त्या शब्दाने मी घाबरलो. माझ्याही हातात पत्तेच होते की. काचेवरचे असले म्हणून काय झालं.

त्याच सुमाराला आईचे फोन वाढले. तिने एक स्थळ बघितलं होतं, पलीकडच्या गावातलं. मुलगी काजूच्या कारखान्यात जाते, माणसं साधी आहेत, तू नुसतं हो म्हण, पुढचं मी बघते, असं तिचं चाललं होतं. मी टाळत होतो. पेरण्या होऊ देत, पाऊस होऊ दे. शेवटी ती म्हणाली, आता चातुर्मास लागतोय, चार महिने तसंही कुणी लग्नाचं काढत नाही, पण तुळशीचं लग्न झालं की मला उत्तर पाहिजे. त्या माणसांना किती दिवस ताटकळत ठेवायचं?

मला मुलगी नको होती असं नव्हतं. मला आई दिसत होती, दुसऱ्याच्या दारात बैल मागायला उभी राहिलेली. बापाचं रक्त माझ्यात उतरलं असेल, तर अजून एका बाईला त्या दारात का उभी करायची? हे आईला कसं सांगणार? तुझ्या नवऱ्यासारखा झालोय म्हणून नको म्हणतोय, असं कुठला मुलगा आईला सांगतो?

आषाढातली कांदेनवमी आली. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडतात, म्हणून त्याआधी या दिवशी कांदा पोटभर खाऊन घ्यायचा. आमच्याकडेही हे आहे, पण मावशीच्या घरचा थाट वेगळा. कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, वांग्याचं भरीत, त्यावरही कच्चा कांदा. मला जेवायला बोलावलं होतं. मी विचारलं, वांगी तुम्हीच पिकवता आणि चार महिने खात न्हाई? ती म्हणाली, "पिकवनं येगळं, खानं येगळं. मिठाईवाला काय समदं दुकान खाते का?"

मग तिने माझ्याकडे बघितलं. जेवता जेवता माझा डावा हात फोनवर होता, माझ्याही नकळत.

"काहून रे बाबू, तोंड काहून उतरलं तुयं?"

काका हात धुवायला बाहेर गेले होते. मी विचारलं की मावशी, चार महिने सोडायचं म्हटलं आणि सुटलंच नाही तर? तिने विचारलं की तुला काय सोडायचं आहे. आणि मग मी सगळं बोललो. गिरणी, चिखल, आबा, आईचा फोन, तुळशीचं लग्न. इतकं सलग मी या जिल्ह्यात कुणाशी बोललो नव्हतो. मध्येच मला रडू फुटतं की काय असं वाटत होतं, म्हणून मी भज्यांकडे बघून बोलत होतो.

ती हसली नाही. फोन फेकून दे असंही म्हणाली नाही. थोडा वेळ परातीतलं पीठ बोटाने निपटत बसली. मग म्हणाली, "मंग आज पोटभर खेळून घे. कांदेनवमीच हाय. एकादशीपासून तू पत्ते सोड, मी चाय सोडते. दिसते कोनाचं काय हाय ते."

काका दारातूनच म्हणाले, "अवं, तू चाय सोडली तं गावातली डेअरी बंद पडन."

त्यांचं खोटं नव्हतं. मावशीचा चहा हा गावात चेष्टेचा विषय होता. सकाळी उठल्यावर, भाजी काढायच्या आधी, काढून झाल्यावर, जेवणावर, कुणी आलं म्हणून, कुणीच आलं नाही म्हणून. चुलीच्या कडेला छोटं पातेलं कायमचं काळं झालेलं. तिने चहा सोडावा हे माझ्यासाठी होतं, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो.

एकादशी लागली. सकाळी देवासमोर उभं राहून आम्ही दोघांनी चार महिन्यांची शपथ घेतली. पहिले काही दिवस मावशीची गंमत बघण्यासारखी होती. डोक्याला पदर आवळून बांधायची, कपाळाला सुंठ लावायची, काकांवर विनाकारण डाफरायची. काका मला हळूच म्हणायचे, तुझ्या पत्त्यापायी माझा संसार मोडतोय. पण मोजके दिवस. मग तिचं डोकं थांबलं आणि पातेल्याला घासून घासून तिने पांढरं केलं.

माझं वेगळं होतं. डोकं दुखलं नाही. अंगठा मात्र आपला आपला हलायचा, फोन हातात नसला तरी. पाणी वाफ्यातून सरकताना बघत बसायचो आणि काय करावं ते कळायचं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या मळ्याला किती आवाज नाहीत. मोटार थांबली की लांबवर रस्त्यावरची एखादी गाडी, आणि मग तीही नाही. पत्ते असताना हे ऐकू आलं नव्हतं. एखाद्या दुपारी इतकं एकटं वाटायचं की मी रोपांच्या ट्रेंवरच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचो, नुसता आपलाच आवाज ऐकायला.

संध्याकाळी मी ओट्यावर जायला लागलो. मावशी तिथे उद्याच्या बाजारासाठी जुड्या बांधत बसलेली असायची. मेथीची मूठ घ्यायची, मुळं सारखी करायची, ओल्या सुतळीचा वेढा द्यायचा, दुमडून आत खोचायचा. मला आधी जमायचं नाही. माझ्या जुड्या सुटायच्या. "तुयी जुडी बजारात पोचेलोक मेथीची चटनी व्हते," म्हणायची. मग जमायला लागलं. ती बोलायची. तिची एकच लेक, लग्न होऊन लांब गेलेली, दिवाळीला येते. मी कमी बोलायचो, पण बोलायचो.

भाद्रपद आला. इकडे महालक्ष्म्या बसतात, आमच्याकडे गौरी म्हणतात त्याच. नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र करून शिजवतात, आणि गावातल्या प्रत्येक घराला प्रत्येक भाजी थोडी थोडीच लागते. म्हणून मळेवाले सोळा भाज्यांचे तयार वाटे बांधतात. दोडक्याचा तुकडा, चार भेंड्या, कोहळ्याची फोड, मूठभर गवार, अंबाडीची दोन पानं, असं करत सोळा. वर्षातलं सगळ्यात धांदलीचं काम. सगळा मळा एका ओट्यावर येऊन पडतो.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी भाजीचा पहिला भार घेऊन जायला टेम्पो यायचा होता. झिमझिम होती. मी पत्र्याखाली क्रेटवर बसलो होतो, टेम्पोला उशीर झाला होता. फोन काढला तो वेळ बघायला. त्यानंतर अंगठ्याने काय केलं ते मला सांगता येणार नाही. पत्ते पसरलेले होते आणि मी काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी ठेवत होतो.

"बाबू, हात लाव रे इकडे, वाटे राह्यले," मावशीने ओट्यावरून हाक मारली. मी फोन खिशात टाकला आणि उठलो.

मग तो दिवस, दुसरा दिवस, वाटे, टेम्पो, परत वाटे. महालक्ष्मीच्या जेवणाला त्यांनी मला घरच्यासारखं पंगतीत बसवलं. आंबील, पुरणपोळी, ती सोळा भाज्यांची भाजी. सगळी त्यांची नात्याची माणसं, मी कडेला. कुणी विचारलं हा कोण, तर काका म्हणाले आपलाच हाय. तो "आपलाच" ऐकून मला घरची आठवण जास्तच झाली. हात धुतले तोच आईचा फोन आला. तिकडेही गौरी बसल्या होत्या, मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. आबा कुठायत म्हणून मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आमच्याकडे गणपती-गौरीत डाव चोवीस तास बसतो. आईने स्थळाचं काढलं नाही. जेवलास न्हवं, एवढंच विचारलं.

फोन ठेवला आणि पडद्यावर तो डाव. काळी नव्वी, लाल अठ्ठी. परवाचा, अर्धा, जसा सोडला तसा.

मोडली. देवासमोर घेतलेली, मावशीने माझ्यासाठी चहा सोडून घेतलेली शपथ मी मोडली, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. म्हणजे हे रक्तातच आहे. मी खोलीकडे जायला निघालो. आईला फोन करून नको म्हणून सांगायचं, विषय संपवायचा, असं चालता चालता ठरवत होतो. पण मावशी एकटी ओट्यावर पाय पसरून बसली होती, दमलेली, पायांना तेल लावत. तिला चुकवून जायला वाटच नव्हती.

"मावशी, मोडलं माझं."

"काय मोडलं?"

"पत्ते खेळलो मी. परवा. टेम्पो यायचा होता तेव्हा."

"मंग? जितला का?"

"अर्धाच राहिला. तुम्ही वाट्यांना हाक मारली."

"अन् मंग?"

"मग काय न्हाई. ध्यानातनंच गेलं. आत्ता आईचा फोन ठेवला तर तसाच पडलाय तो."

ती तेलाचा हात पायावरून काढून माझ्याकडे बघत राहिली. मग हळू विचारलं, "तुया बाप अर्ध्या डावातून उठे का रे?"

त्या प्रश्नासरशी मी गिरणीच्या मागे उभा होतो, लहान, अंगाला चिखल लागलेला.

तिने पुढे विचारलं की त्यांनी कधी सोडून बघितलं नाही का. मी म्हटलं, दर श्रावणात. आबा श्रावण कडक पाळायचे, पत्त्याला शिवायचे नाहीत, एकदाही मोडला नाही. कसे राहायचे मग, तिने विचारलं. आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट दिसलं. श्रावणात आबा उंबऱ्यावर बसायचे. अंग घरात, कान गिरणीकडे. आईने ताट वाढलं तर ताटाकडे बघायचे नाहीत. बोटांनी मांडीवर काहीतरी पिसत राहायचे. आम्ही हसलो तरी अंगावर यायचे. गणपती कधी आहेत हे पोरांच्या आधी त्यांना पाठ असायचं, आणि ते गणपतीसाठी नव्हतं. ते गणपतीच्या जागरणातल्या डावासाठी होतं. तेवढे दिवस आम्हा सगळ्यांना वाटायचं, सुटला आता.

"त्यायनं पाळली, अन् पत्ते त्यायच्या डोक्यात व्हते," मावशी म्हणाली. "तू मोडली, अन् तुले याद बी नाही राह्यली. मोडली त्याचा नारळ फोडू देवापुढं, ते काही भारी नाही. पन दोघायचं दुखनं एक नाही बाबू. चायपायी मी तुह्या काकाले शिव्या देल्या, पन लपून नाही पेली. डोकं दुखलं, थांबलं. तुया अंगठा हालला, थांबला. त्यायचं थांबतच नाही."

मला पटलं, आणि तरी पटलं नाही. भित्र्या माणसाचं असंच असतं, चांगलं सांगितलं की तो सांगणाऱ्याची माया मोजतो. तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय, असं मी म्हणालो. त्यावर ती रागावली नाही. म्हणाली, मी काही डाक्टर नाही, चल, जिला कळतं तिला विचारू.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाजी उतरवून झाल्यावर ती मला मंगरूळपीरच्या दवाखान्यात घेऊन गेली. शेवटच्या खोलीत एक बाई बसतात, व्यसन सोडवण्यासाठी माणसांशी बोलायचं त्यांचं काम. बाहेर बाकावर दारू पिणाऱ्यांच्या बायका बसल्या होत्या. मला तिथे बसायची लाज वाटत होती. मावशी मात्र शेजारणीशी लगेच भेंडीवरच्या रोगाचं बोलायला लागली.

त्या बाईंना मी आधीच सांगून टाकलं की दिवसातून किती वेळ खेळायचो. मला वाटलं वेळ ऐकूनच त्या ठरवतील. त्यांनी वेळ बाजूला ठेवला. म्हणाल्या, खूप करणं आणि न सुटणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. मग एकेक विचारत गेल्या. खेळापायी काम बुडालं का. पाणी फुटून गेलं, रोपं वाळली, असं कधी झालं का. कुणाशी खोटं बोलावं लागलं का. आधी पुरायचं ते पुढे पुरेनासं झालं का. नुकसान दिसत असूनही चालूच ठेवलं का. थांबायचं ठरवून थांबता आलं का. बहुतेक ठिकाणी माझं नाही, आणि शेवटच्याला, बऱ्यापैकी हो. मी अर्ध्या डावाचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या, चांगलं हसल्या. सवय फार झाली आहे, पण आजच्या घडीला हे व्यसनाचं दुखणं दिसत नाही, म्हणाल्या. बापाला आहे म्हणून मुलाला होईलच असं ठरलेलं नसतं, तरी अशा घरातल्या माणसाने जपून राहावं. पैसे लावायच्या खेळाकडे बोटही न्यायचं नाही, आणि कधी लपवावंसं वाटायला लागलं तर त्या दिवशीच यायचं.

मला उठावंसं वाटलं इतका हलका झालो होतो. तेव्हा त्यांनी विचारलं, "खेळत नाही तेव्हा त्या वेळात काय करता?"

मी म्हटलं, रोपांच्या चिठ्ठ्या वाचतो.

मावशीने खाली बघितलं. बाई म्हणाल्या की पत्ते हे तुमचं दुखणं नव्हतं, दुखण्यावर तुम्हीच शोधलेली पट्टी होती. पट्टी काढली, आता खालचं दिसतंय, त्याच्याकडे बघा. आणि निघताना वडिलांचं विचारलं. त्यांना कधी कुणी दवाखान्यात नेलं का? मला आश्चर्य वाटलं. आम्ही त्यांना देवाला नेलं, बुवाकडे नेलं, माळ घातली, शपथा घातल्या. त्यांना लाज नाही, असं आम्ही घरात म्हणत आलो होतो. हे दुखणं असेल आणि त्याला दवाखाना असेल, हे कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

परतताना स्टँडवर मी पाट्या वाचत होतो. मावशीने विचारलं, काय बघतोस. मी सांगितलं. ती पण माझ्यासोबत पाट्या बघत उभी राहिली, तिला वाचता येत नाही तरी.

कार्तिकी झाली. चातुर्मास सुटला. मावशीने पातेलं ठेवलं, पहिला चहा केला, बशीत ओतून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. लईच गोड लागते म्हणाली, आता कायले पेतो आपन. काकांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. आठवडा गेला नाही तोच पातेलं पुन्हा काळं. तिचं तिलाच हसू येत होतं.

मीही तो डाव उघडला. अजून तसाच होता. शेवटपर्यंत लावायचा प्रयत्न केला, एक एक्का काही केल्या सुटला नाही. लागला नाही डाव. मी फोन ठेवला आणि पाण्याकडे गेलो. पुढेही कधी कधी खेळतो, खोटं कशाला सांगू. पण आता लाइट गेली की पहिला हात तिकडे जात नाही. ओट्यावर सुतळी भिजत ठेवलेली असते.

तुळशीचं लग्न लागल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, बघायला येतो म्हणून सांग त्यांना. पण आबांच्या पत्त्याचं आधी सांगायचं, मग माझं, सगळं. ऐकून त्यांना नको वाटलं तर नको. आई म्हणाली, "सांगू की. लपवून माझं काय भलं झालं?" मी आबांना फोन द्यायला सांगितला. दवाखान्याचं बोललो, जवळपास कुठे असेल तर आपण दोघं जाऊ म्हटलं. बघू म्हणाले. त्यांचा तो 'बघू' मला ठाऊक आहे, तो 'हा डाव झाला की येतो'च्या जातीतला आहे. पण या वेळी मी रागावलो नाही. पुन्हा विचारीन.

अजून मी इथेच आहे, आणि अजून एकटाच आहे. तेवढं काही गेलेलं नाही. मावशी पोहरादेवीच्या पुढे कधी कुठे गेलेली नाही. तिचं मी काय देणं लागतो ते तिला सांगितलं तर ती वेड्यात काढेल. म्हणून इथे लिहून ठेवतो. आमच्याकडे घनसाळ नावाचा तांदूळ होतो, शिजताना वास शेजारच्या आळीपर्यंत जातो. एका वर्षी त्याची कापणी झाली की मी मावशीला माझ्या दारात नेणार आहे, स्टँडवर पाटी नसली तरी गाड्या बदलत बदलत. तिथे तिचं बोलणं कुणाला कळणार नाही, बाया हसतील. मी तिच्या शेजारी बसेन, तिच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द त्यांना समजावून सांगेन, आणि ती म्हणेल तितक्या वेळा चहा ठेवेन.